तेंगू, वानर आणि मान-संयोजन : एका जपानी खेळातील प्राण्याचा पूर्वेतिहास

बौद्ध विद्येला वाहिलेल्या नियतकालिकात व्हिडिओ गेममधील एका प्राण्याविषयी लेख यावा, याचे काही वाचकांस आश्चर्य वाटेल. क्वचित कोणास ते अनुचितही वाटेल. म्हणून या लेखनाचे निमित्त आरंभीच सांगणे आम्हांस आवश्यक वाटते. काही काळापूर्वी जपानमधील बौद्ध कलेविषयी एक व्याख्यान देत असता आम्ही असे विधान केले की, जपानी लोककथांतील 'तेंगू' हा चोच व पंख असलेला वनचर म्हणजे भारतीय गरुडाचेच रूपांतर होय. व्याख्यान संपल्यावर शाळेत जाणारा एक मुलगा पुढे आला. तो खेळत असलेल्या एका खेळात 'बिशातेन' नावाचा माकडासारखा प्राणी असून तो तेंगूवरूनच घेतला आहे, असे त्याने सांगितले, आणि मग विचारले, "सर, तेंगू जर गरुड असेल, तर त्याला लांब नाक कुठून आले? आणि त्याचे माकड कसे झाले?" या दोन्ही प्रश्नांचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. त्या मुलाच्या प्रश्नांनी आम्हांस जे वाचावयास लावले, त्याचे सार येथे मांडत आहोत. त्याबरोबरच आमच्या त्या विधानाची दुरुस्तीही करावयाची आहे.

१. प्राणी आणि त्याचे अवयव

'मॉन्स्टर हंटर राइज' हा खेळ ओसाका येथील कॅपकॉम या कंपनीने मार्च २०२१ मध्ये निन्टेन्डो स्विच या यंत्रासाठी प्रसिद्ध केला. 'मॉन्स्टर हंटर' ही मालिका २००४ पासून चालत आली आहे. महाकाय प्राण्यांची शिकार हा तिचा गाभा. २०२१ च्या या भागाचे वैशिष्ट्य असे की, त्याची पार्श्वभूमी जुन्या जपानी खेड्याची आहे आणि त्यातील बरेच नवे प्राणी जपानी लोककथांतील भुताखेतांवरून, म्हणजे 'योकाई'वरून रचले आहेत. जलाशयात राहणाऱ्या 'काप्पा'वरून एक, जुन्या छत्रीच्या भुतावरून एक, स्त्रीरूप घेणाऱ्या कोळ्यावरून एक, अशी ही योजना आहे. वायुदेव फूजिन आणि मेघगर्जनेचा देव राइजिन यांच्या जोडीवरूनही दोन प्राणी त्यात आले आहेत.

बिशातेन याच मालिकेतला. जपानी भाषेत त्याचे नाव 'बिशुतेंगो' असे असून त्याच्या उपाधीचा अर्थच 'तेंगू-पशू' असा आहे. अंगकाठी वानराची, तोंड चोचीचा भास करून देणारे, पंखासारखे अवयव, आणि हाताप्रमाणे पकड असलेली लांब शेपटी. या शेपटीवर तो तोल सांभाळून उभा राहतो. पोटावरील पिशवीत तो 'काकी' नावाची फळे साठवतो आणि शिकाऱ्यावर फेकून मारतो. २०२२ साली या खेळाला 'सनब्रेक' ही पुरवणी जोडण्यात आली; तीत त्याचा एक नारिंगी-तांबडा भाऊबंदही आला. तो फळांऐवजी पेट घेणारी पाइनची बोंडे फेकतो.

अशा संमिश्र प्राण्याचा इतिहास शोधताना एकाच मूळ पुरुषाचा शोध घेणे ही पहिली चूक ठरते, आणि आम्ही नेमकी तीच केली होती. नाव, चोच, नाक, फळ आणि वानरपण या प्रत्येकाची वाट वेगळी आहे. त्या एकेक करून पाहू.

२. नाव चीनचे

'तेंगू' हा शब्द ज्या दोन चिनी अक्षरांनी लिहिला जातो त्यांचा अर्थ 'आकाशातील कुत्रा' असा होतो. प्राचीन चीनमध्ये उल्का किंवा धूमकेतू यांच्याशी जोडलेला हा अपशकुनी जीव होता. जपानमध्ये हे नाव प्रथम आढळते ते 'निहोन शोकी' या इ. स. ७२० मध्ये पूर्ण झालेल्या इतिहासग्रंथात. इ. स. ६३७ च्या नोंदीत असे म्हटले आहे की, एक मोठा तारा गर्जना करीत पूर्वेकडून पश्चिमेकडे गेला. लोक त्यास उल्का म्हणू लागले; परंतु चीनमध्ये अध्ययन करून आलेल्या मिन नावाच्या भिक्षूने सांगितले की ही उल्का नसून तेंगू आहे आणि हा आवाज त्याच्या भुंकण्याचा आहे. येथे चोच नाही, पंख नाही, नाकाचा तर उल्लेखही नाही. म्हणजे नावापुरते बोलायचे तर भारताचा येथे काही संबंध पोहोचत नाही.

३. चोच : गरुडाची शक्यता

त्यानंतरच्या काही शतकांत हा आकाशातला कुत्रा डोंगरात राहणारा, घारीसारख्या रूपाचा, माणसांना भुलविणारा जीव झाला. या पक्षिरूपाच्या घडणीत गरुडाचा वाटा असावा, असे अनेक अभ्यासक मानतात, व तसे मानण्यास आधारही आहे. पालि वाङ्मयात 'सुपण्ण' म्हणून येणारा गरुड (संयुत्त निकायात 'सुपण्णसंयुत्त' असा स्वतंत्र विभागच आहे) महायानाबरोबर 'कारुरा' या नावाने जपानमध्ये पोहोचला. नारा येथील कोफुकुजी विहारात इ. स. ७३४ मधील आठ धर्मरक्षक गणांच्या मूर्ती आहेत. त्यांतील कारुराचे मस्तक चोच असलेल्या पक्ष्याचे असून अंगावर योद्ध्याचे चिलखत आहे. जुन्या 'गिगाकु' नृत्यनाट्याच्या मुखवट्यांतही कारुरा आहे. चोचीच्या तेंगूची चित्रे काढणाऱ्या कलावंतांच्या डोळ्यांसमोर ही रूपे होती, हे संभवनीय आहे.

परंतु संभवनीय म्हणजे सिद्ध नव्हे. शिवाय बौद्ध परंपरेत गरुड हा धर्माचा रक्षक आहे, तर जुना तेंगू हा धर्माला विघ्न करणारा. स्वभावाने तो गरुडापेक्षा माराच्या अधिक जवळचा. 'तेंगू म्हणजे गरुडच' हे आमचे विधान म्हणूनच मागे घेणे भाग आहे. चोचीपुरते साम्य मान्य करावे, त्यापुढे जाऊ नये.

४. भारतातून आलेला तेंगू

भारताचा आणि तेंगूचा स्पष्ट शब्दांत संबंध जोडणारी एक जपानी कथा मात्र आहे, आणि ती या विषयाचे मर्म सांगणारी आहे. बाराव्या शतकाच्या आरंभीचा 'कोन्जाकु मोनोगातारिशू' हा एकतीस खंडांचा कथासंग्रह भारत, चीन व जपान अशा तीन भागांत विभागलेला आहे. त्यातील काही खंड आज उपलब्ध नाहीत. विसाव्या खंडाचा आरंभच तेंगूच्या कथांनी होतो, आणि त्यातील पहिली कथा भारतातील एका तेंगूची आहे.

हा तेंगू भारतातून चीनकडे येत असता वाटेत समुद्राच्या पाण्यातून त्यास एक गाथा ऐकू येते. ही गाथा संस्कारांची अनित्यता सांगणारी. महापरिनिब्बानसुत्तात तथागतांच्या परिनिर्वाणसमयी शक्राच्या मुखी येणारी, आणि आपल्या वाचकांपैकी अनेकांस मुखोद्गत असलेली तीच. पाणी धर्म बोलते याचा तेंगूला विस्मय वाटतो. त्याचबरोबर त्यास विघ्न करावे अशी इच्छाही होते. तो त्या ध्वनीच्या मागोमाग चीन ओलांडून जपानमध्ये येतो, नदीनदीने वर चढत हिएई पर्वतावर पोहोचतो. तेथे तो ध्वनी अधिकच मोठा होतो. चौकशी केल्यावर त्यास समजते की, हा ओढा पर्वतावरील अध्ययनशील भिक्षूंच्या शौचकूपातून वाहत येतो, म्हणून त्याचे पाणीही गाथा म्हणते. ज्यांच्या मलमूत्राचे पाणी असे, ते भिक्षू कसे असतील, असा विचार मनात येताच तेंगूचा विघ्न करण्याचा हेतू गळून पडतो. याच पर्वतावर भिक्षू म्हणून जन्म घेण्याची तो प्रतिज्ञा करतो. पुढे एका राजपुत्राच्या घरी जन्मतो आणि संघात उच्च पदास पोहोचतो.

ही कथा भारतात घडलेली नाही आणि भारतीय ग्रंथांत सापडणारही नाही. हिएईच्या परंपरेचा गौरव करण्यासाठी ती जपानमध्ये रचली गेली. तरीही तिच्या पोटात वाहणारी गाथा खरोखरच भारतातून गेलेली आहे. जपानी वर्णाक्षरे एकदाच वापरून रचलेली 'इरोहा' ही प्रसिद्ध कविता याच गाथेचा आशय सांगते, असे परंपरा मानते. तिची सर्वांत जुनी उपलब्ध नोंद इ. स. १०७९ ची आहे. म्हणजे जे प्रत्यक्ष प्रवास करून गेले ते एक वचन होते. तेंगूला भारतीय ठरविले ते कथाकाराने.

५. नाक आणि मान

आता त्या मुलाच्या पहिल्या प्रश्नाकडे वळू. लांब नाकाचा तेंगू हा चोचीच्या तेंगूहून अलीकडचा आहे. त्याच्या मागे दोन धागे दिसतात. पहिला धागा सारुताहिको या देवाचा. 'निहोन शोकी'त त्याच्या नाकाचे माप हाताच्या वितीसारख्या सात परिमाणांचे सांगितले आहे. पुढे उत्सवांतून लांब नाकाचा मुखवटा घालून त्याचे सोंग आणले जाऊ लागले आणि लोकमानसात त्याची व तेंगूची सरमिसळ झाली. विशेष असे की, 'सारुता' या नावातील 'सारु' हे अक्षर वानराचे आहे. तेव्हा लांब नाक आणि वानर यांची गाठ जपानच्या स्वतःच्या परंपरेत फार पूर्वीच पडलेली आहे. खेळाच्या रचनाकारांच्या मनात हे होते की नव्हते हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी त्यांनी जोडलेली जोडी परंपरेला परकी नाही.

दुसरा धागा भाषेचा. जपानीत 'नाक उंच असणे' म्हणजे गर्व असणे, आणि 'तेंगू होणे' म्हणजे गर्वाने फुगणे. आपणही 'नाक वर करून चालतो' असे म्हणतोच. या वाक्प्रचारांमागे बौद्ध विचार आहे. मध्ययुगीन जपानमध्ये अशी धारणा रूढ झाली की, ज्या भिक्षूने धर्माचे अध्ययन केले पण गर्व सोडला नाही, त्यास नरक मिळत नाही, कारण त्याने धर्म शिकला आहे. आणि सुखावती मिळत नाही, कारण त्याने गर्व धरला आहे. असा भिक्षू तेंगूच्या लोकात जातो. इ. स. १२९६ मध्ये तयार झालेल्या 'तेंगू झोशी' या चित्रपटांच्या गुंडाळ्यांत तर नारा आणि क्योतो परिसरातील मोठमोठ्या विहारांतील भिक्षूंनाच तेंगूच्या रूपात रंगविले आहे. कोफुकुजी, तोदाइजी, एन्र्याकुजी, ओन्जोजी यांपैकी कोणासही चित्रकाराने सोडलेले नाही. डोंगरांत तप करणारे 'यामाबुशी' हेही याच टीकेचे धनी झाले; आजच्या तेंगूच्या अंगावरील वेष त्यांचाच.

पालि अभ्यासकास येथे परिचयाची खूण पटते. दहा संयोजनांपैकी शेवटची पाच, म्हणजे ऊर्ध्वभागीय संयोजने, अनागामी झालेल्यालाही बांधून ठेवतात. त्यांत 'मान' आहे. विद्वान आणि शीलवान भिक्षूही ज्यात अडकू शकतो अशा या बंधनाला जपानी मनाने पंख, नाक आणि डोंगरातले घर दिले. शास्त्रात जे एका शब्दात होते ते मुलासही ओळखता येईल अशा रूपात उभे राहिले. हे जपानचे स्वतःचे कर्तृत्व आहे, आणि ते तसेच मान्य करावयास हवे.

६. फळ : एक मोहक साम्य

बिशातेन फेकतो ती काकीची फळे बहुधा 'सारु कानी गास्सेन' म्हणजे वानर व खेकडा यांच्या लढाईच्या सुप्रसिद्ध जपानी कथेची आठवण करून देतात. वानर खेकड्याकडून भाताचा गोळा घेतो आणि बदल्यात काकीची बी देतो. खेकडा झाड वाढवितो. फळे आल्यावर वानर वर चढून पिकलेली स्वतः खातो आणि कच्ची, टणक फळे खेकड्यावर फेकून त्याचा जीव घेतो. पुढे खेकड्याची पिल्ले चेस्टनट, मधमाशी आणि उखळ यांच्या साह्याने सूड घेतात.

काकीचे झाड आपल्या टेंभुर्णीच्या जातकुळीतले आहे. टेंभुर्णीसारख्याच झाडाला पालिमध्ये 'तिन्दुक' म्हणतात, आणि जातकांत 'तिन्दुक जातक' (क्रमांक १७७) आहे. ऐंशी हजार वानर रात्रीच्या वेळी गावातील तिन्दुकाची फळे खाण्यास झाडावर चढतात, गावकरी शस्त्रे घेऊन झाडाला वेढा घालतात, आणि वानरराज असलेले बोधिसत्त्व आपल्या समूहाला धीर देतात. झोपेमुळे मागे राहिलेला त्यांचा भाचा सेनक गावाला आग लावतो. गावकरी तिकडे धावतात आणि वानर सुटतात.

वानर तेच, फळाची जात तीच, माणसांशी वैरही तेच. हे साम्य प्रथम ध्यानी आले तेव्हा आम्हांस मोठा आनंद झाला, हे कबूल करतो. लेखाचे शीर्षकही आम्ही मनात योजून ठेवले. परंतु एका कथेतून दुसरी निघाली असे म्हणण्यास मधला एकही दुवा हाती नाही. फळझाडे आणि माकडे जेथे असतील तेथे अशा कथा होणारच. म्हणून हे साम्य आम्ही केवळ साम्य म्हणून नोंदवितो.

७. जेथे दुवा सापडतो

याच्या उलट एक उदाहरण देणे उचित होईल, कारण दुवा कसा असतो हे त्यावरून कळते. 'सुंसुमार जातक' (क्रमांक २०८) मराठी मुलांना माकड आणि मगर यांची गोष्ट म्हणून ठाऊक आहे. मगरीच्या पत्नीला वानराचे हृदय हवे असते. मगर वानरास पाठीवर घेऊन पाण्यात जाते. वानर सांगतो की, आपले हृदय उंबराच्या झाडावर टांगलेले आहे. ही कथा तिसऱ्या शतकात खांग सेंग-हुई आणि त्यानंतर धर्मरक्ष यांच्या चिनी ग्रंथांत येते. चीनमध्ये मगरीच्या जागी कासव आले आणि हृदयाचे यकृत झाले. कोन्जाकु संग्रहाच्या पाचव्या, म्हणजे भारतविषयक, खंडात ती कासव व वानर यांची कथा म्हणून आहे. पुढे जपानी लोककथेत तिला जेलीफिशची जोड मिळाली. गुपित फोडल्याच्या शिक्षेपायी त्या प्राण्याची हाडे गेली, असे ती सांगते. येथे ग्रंथ आहेत, काळ आहे, बदलाची पायरीनपायरी दिसते. अशा ठिकाणी भारताचे ऋण निःसंकोच सांगावे.

वानराचे रूपकही असेच प्रवास करून गेले. संयुत्त निकायात एक फांदी सोडून दुसरी धरणाऱ्या वानराशी चित्ताची तुलना आहे. पूर्व आशियात 'चित्त-वानर आणि इच्छा-अश्व' असा शब्दप्रयोगच रूढ झाला. सोळाव्या शतकात छापल्या गेलेल्या चिनी कादंबरीत सून वुखोंग हा वानर याच चित्ताचे प्रतीक होऊन ह्युएन त्संगचा शिष्य बनतो. जपानमध्ये त्यास सोन गोकू म्हणतात. ऐतिहासिक ह्युएन त्संग सातव्या शतकात पुलकेशीच्या महाराष्ट्रात येऊन गेला, आणि त्याने वर्णिलेले शैलगृहांचे विहार अजिंठ्याचेच असावेत असे मानले जाते. त्या अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात महाकपि जातक चितारलेले आहे. आपल्या देहाचा पूल करून समूहाला पलीकडे नेणारा वानर तेथे आजही पाहता येतो.

८. उपसंहार

तेव्हा त्या मुलाच्या प्रश्नांचे उत्तर असे : तेंगूचे नाव चीनचे, चोच कदाचित गरुडाची, नाक जपानचे आणि वानरपणही बरेचसे जपानचेच, मात्र त्याच्या नाकाला जो अर्थ आला तो बौद्ध विचाराने दिला. ऊर्ध्वभागीय संयोजनांत 'मान' आणि 'उद्धच्च' म्हणजे चित्ताची अस्वस्थता ही लागोपाठ येतात. गर्वाचा तेंगू आणि अस्वस्थ चित्ताचे वानर एका देहात आलेले पाहून आम्हांस या जोडीची आठवण झाली. रचनाकारांनी हे योजिले होते असा आमचा दावा नाही. वाचणाऱ्याने ही आठवण ठेवावी, एवढेच.

परंतु प्रश्न केवळ एका खेळाचा नाही. 'पूर्वेकडे जे जे आहे ते आमच्याकडूनच गेले' असे म्हणण्याची सवय आपल्या व्याख्यानांना व लेखांना लागली आहे. 'आमच्याकडे काहीच उरले नाही, सर्व त्यांनीच जपले' असे म्हणण्याची सवय तिच्या शेजारीच आहे. बुद्धवचनात मानाचे तीन प्रकार सांगितले आहेत : मी श्रेष्ठ, मी समान, मी हीन. विभंगात तो सात प्रकारांनी मोजला आहे, व त्यांत स्वतःस कमी लेखणेही येते. इतिहास लिहिणाऱ्याने दोन्ही टोके टाळून दुवा असेल तेथे दुवा आणि नसेल तेथे केवळ साम्य म्हणावे. व्याख्यानपीठावर आमचेही नाक थोडे लांबले होते, आणि ते एका विद्यार्थ्याच्या ध्यानी आले.

धम्मवर्ग चालविणाऱ्या शिक्षकांस एक सूचना करून थांबतो. मुले हे खेळ खेळणारच. त्या प्राण्याचे चित्र त्यांच्यासमोर ठेवून तिन्दुक जातक, सुंसुमार जातक आणि हिएईच्या ओढ्याची कथा सांगावी, आणि यांतील कोणती आपल्याकडून गेली, कोणती तेथे घडली व कोणत्या केवळ एकसारख्या आहेत, हे त्यांनाच विचारावे. खेळात बिशातेनची शिकार होते; जुन्या कथेतील तेंगूला मात्र कोणी मारले नाही, त्याने ओढ्यातले पाणी ऐकले आणि तो बदलला. हा फरकही मुलांनी आपणहून शोधला तर अधिक चांगले. आमच्या अनुभवावरून सांगतो, त्यांचे प्रश्न आपल्या टिपणवहीत उतरवून ठेवावेत.